हेड कोच न झालेले कोच वेंडेल

कोच गेल्याचा निरोप आला तेव्हा मी इंटरव्ह्यू घेत होते. मार्चमधली दुपार. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या ऑफिसची छोटी मीटिंग रूम, समोर स्टोअरकीपरच्या जागेसाठी आलेले एक गृहस्थ, आणि टेबलावर पालथा ठेवलेला माझा फोन दोनदा थरथरला. ते पाणी प्यायला थांबले म्हणून मी फोन उचलला. अबुधाबीहून डनीसचा, कोचच्या मुलीचा, मेसेज होता. ‘डॅड गेले. अकरा वाजता. शांतपणे.’ मी फोन पुन्हा पालथा ठेवला. समोरून प्रश्न आला, “मॅडम, सब ठीक?” मी म्हटलं, “हां, आप बोलिए. स्टॉक का बता रहे थे.” आणि उरलेला पाऊण तास मी सगळे प्रश्न विचारून, सगळी उत्तरं ऐकून तो इंटरव्ह्यू पूर्ण केला. ते गेल्यावर दार लावून घेतलं आणि मग रडले. आधी रडून नंतर इंटरव्ह्यू गुंडाळला असता तर कोचना ते आवडलं नसतं, एवढं मला त्या क्षणीही पक्कं ठाऊक होतं... का, ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

कोच वेंडेल अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या एका लहानशा गावचे. कृष्णवर्णीय, सहा फुटांच्या वर उंच, गुडघे कामातून गेलेले, आवाज मात्र मैदानाच्या त्या टोकाला पोचणारा. पत्नी वारल्यावर ते डनीसकडे राहायला म्हणून आले. ती अबुधाबीत नर्स. पण तिच्या घरी नुसतं बसून राहणं त्यांना जमेना, म्हणून त्यांनी अल बर्शाच्या एका अमेरिकन शाळेत खेळाच्या शिक्षकाची नोकरी धरली आणि शाळेजवळच खोली घेतली. दर शनिवारी सकाळी तलावाच्या बागेत ते मुलांना फ्लॅग फुटबॉल शिकवायचे. हा आपला फुटबॉल नव्हे, अमेरिकेतला, लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा. त्यातल्या या सौम्य प्रकारात समोरच्याला पाडायचं नसतं, त्याच्या कमरेची पट्टी ओढली की तो बाद. आमची इरा तेव्हा बारा वर्षांची होती. चार वर्षांपूर्वी एका शनिवारी तिने जाहीर केलं, “आय वाँट टू प्ले धिस,” आणि मी तिला घेऊन गेले. फॉर्मवरचं माझं आडनाव वाचून कोच म्हणाले, “वेलकम, मिसेस साथी.” साठेचं साथी झालं ते झालंच. मी कधी दुरुस्त केलं नाही.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. ठाण्याहून आईचा फोन आला तेव्हा मी कौतुकाने इराच्या नव्या कोचबद्दल सांगितलं, तर पलीकडून पहिला प्रश्न आला, “काळा आहे का गं तो? पोरीला एकटी सोडू नकोस हो.” मला राग आला. पण तो राग किती उसना होता, हे नंतर कळलं. इथे पासपोर्ट बघून पगार ठरतो म्हणून आम्ही भारतीय मंडळी जेवणाच्या सुट्टीत तावातावाने बोलतो, आणि त्याच सुट्टीनंतर एखाद्या केनियन किंवा नायजेरियन माणसाचा सीव्ही समोर आला की तो बाजूच्या गठ्ठ्यात सरकवतो. मी एका फॅसिलिटी कंपनीत एचआर मॅनेजर आहे. सफाई, सिक्युरिटी, मेंटेनन्सची माणसं पुरवणं हा आमचा धंदा. तो बाजूचा गठ्ठा माझ्याच टेबलावर असायचा.

कोचची ओळख वाढली ती सरावानंतरच्या चहावर. इरा मैत्रिणींबरोबर सायकल चालवायची, माझा नवरा नितीन थर्मास घेऊन यायचा आणि आम्ही तिघं बाकावर बसायचो. तिथे तुकड्यातुकड्यांनी त्यांचं आयुष्य कळत गेलं. शाळेत ते क्वार्टरबॅक होते. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचं डोकं, प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. कॉलेजात पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांना सांगितलं गेलं, तू पळतोस छान, तुला दुसऱ्या जागी खेळवू. का, हे कोणी बोललं नाही. त्या काळी विचार करायची जागा गोऱ्या मुलांकडे ठेवायची पद्धतच होती. खेळणं संपल्यावर ते कोचिंगमध्ये आले आणि तीस वर्षं वेगवेगळ्या कॉलेजांत असिस्टंट कोच राहिले. तिकडे कॉलेजचा फुटबॉल हे केवढं मोठं प्रकरण आहे हे मला त्यांच्याकडूनच कळलं. अख्खं गाव मावेल एवढी स्टेडियम, आणि हेड कोच म्हणजे त्या गावातला जवळजवळ सगळ्यात वजनदार माणूस. मैदानात धावणाऱ्यांत कृष्णवर्णीय मुलं भरपूर. कडेला हेडफोन लावून सगळा खेळ चालवणारा तो एक माणूस मात्र बहुतेक जागी गोराच. “मला कुठे पाठवायचे माहितीये?” कोच म्हणाले होते, “मुलांच्या घरी. त्यांच्या आयांच्या स्वयंपाकघरात बसून मी सांगायचो, तुमचा मुलगा आमच्याकडे पाठवा, मी त्याला सांभाळीन. आया माझा चेहरा बघून हो म्हणायच्या.” ... मग चहाचा कप ठेवून म्हणाले, “आणि मी सांभाळलंही. पण संघ कधी माझा नव्हता.”

हेड कोचच्या जागेसाठी त्यांना चार वेळा बोलावणं आलं. चारही वेळा त्यांनी रात्ररात्र जागून आराखडा केला, सूट इस्त्री केला आणि गेले. त्यातली तिसरी वेळ त्यांनी आम्हांला सविस्तर सांगितली. कॉलेजने त्यांना आणायला विमानतळावर गाडी पाठवली होती. दारात उतरल्यावर ते ड्रायव्हरला थँक यू म्हणाले, तर तो म्हणाला, “मी थांबतोय सर. मला अर्ध्या तासाचंच सांगितलंय.” आत पाच जण होते. एकाने त्यांच्या गावचं हवापाणी विचारलं, दुसऱ्याने खेळायच्या दिवसांतली एक आठवण काढली. बचाव कसा लावाल, मुलांच्या परीक्षांचं काय कराल, पहिल्या महिन्यात काय बदलाल, यातलं काहीही नाही. आराखड्याची फाईल उघडायची वेळच आली नाही. दोन दिवसांनी पेपरात दुसऱ्याचं नाव आलं, आणि बातमीत एक वाक्य होतं की कॉलेजने सर्व पार्श्वभूमीच्या उमेदवारांचा विचार केला. “ते वाक्य लिहिता यावं म्हणून मी तिथे होतो,” कोच म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. मग सहज, गप्पांच्या ओघात त्यांनी मला विचारलं, “तुम्हीही इंटरव्ह्यू घेता ना, मिसेस साथी? तुमच्याकडे असं होतं?”

नाही म्हणता आलं असतं. पण सहा दिवसांपूर्वीच ग्रेस येऊन गेली होती. ग्रेस केनियाची. आमच्या एका साइटवर नऊ वर्षं असिस्टंट सुपरवायझर, आणि खरं तर ती साइट तीच चालवायची. सुपरवायझरची जागा निघाली तेव्हा आमच्या जीएमनी आधीच एक नाव ठरवलं होतं, त्यांच्या ओळखीतलं. नियमाप्रमाणे फाईलमध्ये तीन उमेदवार दिसायला हवेत म्हणून मी ग्रेसला बोलावलं. कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळी सर्टिफिकेटं तारखेप्रमाणे लावलेली... हे सगळं मी कोचना सांगून टाकलं. त्यांनी एकच विचारलं, “किती वेळ दिलात तिला?”

“वीस मिनिटं.”

त्यांनी थर्मासचं झाकण लावलं. मग म्हणाले, “तिला कळलं असणार. आम्हांला नेहमी कळतं.”

पुढचे दोन शनिवार मी इराला नितीनबरोबर पाठवलं. मला कोचना तोंड दाखवायचं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात त्यांचाच फोन आला. जाब विचारायला नाही, तर काम द्यायला. त्यांचा एक जुना खेळाडू, मार्कस, आता स्वतः असिस्टंट कोच होता आणि एका छोट्या कॉलेजने त्याला हेड कोचच्या इंटरव्ह्यूला बोलावलं होतं. कोचना त्याची तयारी करून घ्यायची होती. “मला फक्त उत्तरं देणाऱ्याची खुर्ची माहीत आहे,” ते म्हणाले. “टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्यांच्या डोक्यात काय चालतं ते तुम्हांला माहीत आहे. ते मला शिकवा.” ज्या गोष्टीची मला लाज वाटत होती, नेमकी तीच त्यांनी उपयोगाला लावली. नाही कशी म्हणणार?

असे आमच्या जेवणाच्या टेबलावरचे ते क्लास सुरू झाले. इथे संध्याकाळ, तिकडे सकाळ. लॅपटॉपवर मार्कस, टाय लावून. इकडे मी, शेजारी कोच, आणि टेबलाच्या टोकाला इरा, जिला गृहपाठ सोडून या सगळ्यात भलता रस. कोच आपल्या मोठ्या तिरक्या अक्षरात प्रश्न लिहून आणायचे, मी त्यांना धार लावायची. पहिल्या वर्षी घरच्या मैदानावरचे सगळे सामने हरलात आणि देणगीदार चिडले, तर काय कराल? तुमच्यापेक्षा जुना असिस्टंट तुमचं ऐकत नाही, त्याला काय सांगाल? मार्कसची एक खोड होती. प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला तो संधी दिल्याबद्दल आभार मानायचा. कोच टेबलावर बोट आपटायचे. “सन, आभार दारात मान. एकदाच. खुर्चीत बसलास की सोमवारी सकाळी काय करणार ते सांग.” त्याला ते नेहमी ‘सन’ म्हणायचे, बेटा म्हणतो तसं. नितीन पोहे आणून ठेवायचा. कोच पोह्यांवर आंबट-तिखट टबास्को सॉस घालायचे आणि आम्ही तिकडे बघायचं टाळायचो.

मार्कसला ती नोकरी मिळाली नाही. दीड तास इंटरव्ह्यू झाला, म्हणजे कोचच्या अर्ध्या तासाच्या तिप्पट, पण शेवटी नाव दुसरंच आलं. फोनवर कोच त्याला एवढंच म्हणाले, “त्यांनी काय काय विचारलं ते आजच लिहून पाठव. उद्या विसरशील.” मग आम्ही तलावाभोवती चालायला गेलो. गुडघ्यांमुळे ते एका फेरीनंतर बसायचे, त्या दिवशी तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत म्हणाले, “मी त्याला उगाच आशा दाखवतोय का? माझं राहिलं म्हणून त्याला ढकलतोय?” ... त्यांच्या तोंडून शंका मी ऐकली ती तेवढीच. मी विचारलं, “पुढचा क्लास मंगळवारी ठेवू की बुधवारी?” ते थांबले, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “मंगळवारी.”

त्याच हिवाळ्यात आमच्याकडे दुसऱ्या साइटवर सुपरवायझरची जागा निघाली. जीएमनी बोलावून पुन्हा एक नाव सांगितलं. मी आदल्या दिवसापासून मनात घोकलेलं वाक्य म्हटलं, “सर, नाव ठरलं असेल तर मी कोणाला बोलावणार नाही. फाईलवर एकच उमेदवार दाखवेन आणि तसं लिहीन.” ते हसले. “अरे, फॉर्मॅलिटी है. दो लोग बुला लो, खलास.” मी म्हटलं, “नहीं सर.” व्हिसा कंपनीचा, इराची शाळा, घराचं भाडं, सगळं त्या एका ‘नहीं’मागे उभं होतं. ते चिडले. दोन आठवडे माझ्या मेलना उत्तर आलं नाही. मग क्लायंटलाच सुपरवायझर लवकर हवा होता म्हणून निरोप आला, यल्ला, म्हणजे चला, करो जो करना है. मी ग्रेसला फोन केला. तिने मोडक्या हिंदीत विचारलं, “मॅडम, ये वाला सच्चा है?”

मी म्हटलं, “सच्चा है, ग्रेस. और पिछला वाला नहीं था. सॉरी.”

तो इंटरव्ह्यू सव्वा तास चालला. साइटचा कचरा कुठल्या वेळी उचलला तर कामगारांचा नाश्ता चुकत नाही, इथपासून ती बोलत होती. जागा तिला मिळाली. कोचना सांगितलं तेव्हा त्यांनी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. सव्वा तासात तिने काय काय सांगितलं, ते मात्र सगळं विचारून घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या पोटाचं दुखणं निघालं आणि ते कॅन्सरचं ठरलं. डनीस त्यांना अबुधाबीला घेऊन गेली. मी पंधरा दिवसांतून एकदा, कधी इराला घेऊन, जायचे. क्लास थांबले नाहीत. हॉस्पिटलच्या पलंगावर पाठीला उशा लावून ते लॅपटॉपसमोर बसायचे. मार्कसला दुसरं बोलावणं आलं होतं, आणखी छोट्या कॉलेजचं, जिथला संघ आदल्या वर्षी एकही सामना जिंकला नव्हता. निकाल आला तेव्हा योगायोगाने मी तिथेच होते. डनीसच्या फोनवर मार्कसचा मेसेज आला, ‘मिळाली.’ पाठोपाठ व्हिडिओ कॉल वाजायला लागला. कोच म्हणाले, “थांब, उचलू नकोस.” त्यांनी डनीसचा खांदा धरला आणि उठून उभे राहिले. सलाईनचा स्टँड एका हाताने पकडला. गाऊनचे गळ्याजवळचे बंद तिच्याकडून नीट बांधून घेतले. मग मान हलवली. डनीसने फोन समोर धरला आणि कोच खणखणीत आवाजात म्हणाले, “गुड मॉर्निंग, कोच.”

मार्कस तोंडावर हात धरून उभा होता... चाळिशीचा धिप्पाड माणूस. सन म्हणणाऱ्याने त्याला पहिल्यांदा कोच म्हटलं होतं.

नंतर पडल्या पडल्या ते मला म्हणाले की भाबडं राहू नका. आमच्या माणसाला चांगला चाललेला संघ क्वचित मिळतो, मोडलेला मिळतो, आणि दुसऱ्याला पाच वर्षं देतात तिथे आम्हांला दोन. तरी तो दरवाजाच्या आत आहे. आता त्याने आत असताना काय करायचं ते महत्त्वाचं. पहिल्या हंगामात मार्कसने तीन सामने जिंकले. कोच प्रत्येक सामन्याचं रेकॉर्डिंग सकाळी नर्स येऊन गेल्यावर बघायचे, चुका लिहायचे आणि जिंकलेल्या सामन्यांच्या चुका आधी पाठवायचे.

फेब्रुवारीत मी शेवटची भेटले तेव्हा ते फार थकले होते. बोलणं दोन-दोन शब्दांचं. तरी त्यांनी विचारलं, “ग्रेस कशी आहे?” त्या दोघांची कधी भेट झाली नव्हती, पण हा प्रश्न ते दर वेळी विचारायचे. मी सांगितलं, छान चाललंय, हाताखाली चाळीस माणसं आहेत. त्यांनी डोळे मिटले. झोपले असं वाटून मी पर्स उचलली, तर म्हणाले, “ती कोणाला तयार करतेय का?”

“माहीत नाही, कोच.”

“विचारा.”

मार्चमध्ये ते गेल्यावर त्यांना त्यांच्या गावी नेलं. तिथल्या चर्चमध्ये त्यांनी शिकवलेली, आता केस पिकलेली मुलं रांगेने उभी होती, असं डनीसने कळवलं. मार्कस बोलायला उठला आणि त्याने सुरुवातीला कोणाचेही आभार मानले नाहीत, हेही तिने लिहिलं होतं. मला भर ऑफिसात हसू आलं. इथे तलावाच्या बागेत मुलांचा सराव चालू आहे. शाळेने अजून नवा माणूस नेमलेला नाही, मोठी मुलं लहानांना शिकवतात, आणि इरा त्यात आहे.

गेल्या आठवड्यात मार्कसचा फोन आला. त्याच्या हाताखालचा असिस्टंट कोच, टेरेन्स, याला एका कॉलेजने हेड कोचसाठी बोलावलं आहे. “मिसेस साथी, टेबल अजून आहे ना?” आहे, मी म्हटलं. मग फोन ठेवून मी ग्रेसला विचारलं, मंगळवारी संध्याकाळी वेळ आहे का, आणि का बोलावतेय तेही सांगितलं. ती ड्यूटी संपवून, बस आणि मेट्रो करून, युनिफॉर्मवरच आली. नितीनने रिकामी होती ती खुर्ची ओढून दिली, माझ्या शेजारची, आणि ग्रेस तीत बसली. स्क्रीनवर टेरेन्स होता. तिशीतला, घाम पुसत असलेला. मी तासभर मला येत होतं ते सगळं विचारलं. इराने देणगीदारांचं विचारलं. मग मी ग्रेसकडे पाहिलं. ती थोडी पुढे झुकली.

“सर, दे से नो टू यू,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कुठे असाल?”

हा प्रश्न कोचनी कधी लिहिला नव्हता, मलाही कधी सुचला नव्हता. टेरेन्सने घाम पुसायचा रुमाल खाली ठेवला. ग्रेसने घाई केली नाही. वीस मिनिटांच्या त्या इंटरव्ह्यूनंतरची सकाळ तिने कुठे काढली होती, हे विचारायचं मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. ती नेहमीसारखी सहा वाजता साइटवर होती, हे आता विचारायची गरज नव्हती.

“मैदानावर, मॅडम,” टेरेन्स शेवटी म्हणाला. “साडेपाचला. मुलं येतात त्याच्या आधी.”

“गुड,” ग्रेस म्हणाली. “नेक्स्ट क्वेश्चन.”